छकुलीची लस

सोनबांनी संमतीच्या फॉर्मची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सारली. मग खाट हलवून पाहिली.

"आता आला कामाला," ते म्हणाले.

उपकेंद्रातल्या उत्कर्षा सिस्टर तिसऱ्यांदा आल्या होत्या. निमगाव केतकीत चौदा वर्षांच्या मुलींना उद्या शाळेत लस मिळणार होती आणि यादीत फक्त सोनबांच्या नातीची, छकुलीची संमती राहिली होती. छकुलीचा बाप ऋतिक हंगामभर सोमेश्वरनगरला उसाच्या ट्रॅक्टरवर. फोनवर त्यानं नेहमीसारखे हात वर केले: आबा म्हणतील तसं.

"आबा, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टळतो यानं," सिस्टर म्हणाल्या. "लग्नानंतर नवऱ्याकडनंही त्या विषाणूची लागण होते. म्हणून आधीच…"

"लग्नानंतरचं औषध आत्ताच कशाला? आमची पोरगी काय वाया गेलीय?"

"तसं नाही हो."

"मला शिकवू नका, बाई. चारशे मेंढरं राखलीत मी. एका साली कळपाला लस टोचली आन् आठ दिसांत साठ मेंढरं गाभडली. पोरीला वांझ करून ठिवू व्हय?"

छकुलीची आई म्हाळसा उंबऱ्याच्या आत उभी होती. पंधरा वर्षांच्या संसारात ती सासऱ्यासमोर चार वाक्यं सलग बोलली नव्हती. तिनं पदर नीट केला.

"ती मेंढरं गाभण हुती, आबा. येगळी काढायची तुमीच इसरला. माझी पोर नववीत हाय."

सोनबांचा चेहरा काळवंडला. घरात ही चूक सगळ्यांना ठाऊक होती, पण सुनेच्या तोंडून, तीही परक्या बाईसमोर! पिसाळायला एवढं पुरे होतं.

"उद्या गावात चर्चा झाली म्हंजी? कोण करंल हिच्याशी सोयरीक?"

"वन्संची सोयरीक कुठं अडली हुती? पर जीव वाचला का त्येंचा?"

सारजा, सोनबांची एकुलती लेक, दोन वर्षांपूर्वी याच कॅन्सरनं गेली. गावाला त्यांनी कावीळ सांगितली होती. खरं कळलं तर लोक लेकीच्या चारित्र्यावर घसरतील, ही धास्ती. शेवटचे तीन महिने ती माहेरीच होती आणि तिचे कपडे म्हाळसानं धुतले. बाप वासानं खोलीत फिरकला नव्हता, याचा म्हाळसाला आजही संताप होता.

"सिस्टर, आईची सही चालती का?"

"चालते की. आई-वडलांपैकी कुणाचीही."

"मग तीन खेपा सांगितलं का न्हाय?" म्हाळसा त्यांच्यावरच फणकारली आणि हात पुढं केला. सिस्टरांनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला.

"ह्या घरात ऱ्हायचं नसंल तरच कर सही," सोनबा म्हणाले.

तिनं केली.

दुसऱ्या दिवशी छकुली दंड धरून शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. लस दिल्यावर मुलींना अर्धा तास थांबवून ठेवत होते. म्हाळसा तिच्या शेजारी होती. फाटकातून सोनबा आत येताना दिसले, तशी भांडणाच्या तयारीनं ती उठून उभी राहिली. ते तिच्याकडं न बघता नातीच्या दंडावरच्या कापसाकडं बघत राहिले.

"सारजाची पोर कितीची झाली?" त्यांनी विचारलं.

"सोळाची." म्हाळसाचा आवाज जराही मऊ झाला नाही. "पुढल्या म्हैन्यात लगीन हाय तिचं. तुमीच ठरीवलंय."

सोनबांनी खिशातला फोन काढून तिच्या हातात आदळला.

"जावयाला लाव. लगनाआधी तिला बी टोचून घ्या म्हणावं."