पाच वाजून चार मिनिटं

चहाची बशी कागदावर उपडी ठेवून पीटी मास्तरांनी तिच्या कडेने पेन्सिल फिरवली.

"सह्या या गोलावर करायच्या. गोलाला पहिला नसतो नि शेवटचाही नसतो. मिटलं भांडण."

"माझी सही उलटी येतेय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"कागद फिरवून बघा, मग माझी उलटी येईल."

*

गतिरोधक काढून टाकावा, असा अर्ज घेऊन एक आजोबा निघाले होते. तो बसवावा, हा तीन वर्षांपूर्वीचा अर्जही त्यांचाच.

*

शिडीवर चढलेल्याने खाली विचारलं, "याला सेल कुठला लागतो?"

"सेल नाही लागत. किल्ली लागते."

"मग काढूनच टाकू."

*

मनगटी घड्याळातला सगळ्यात लहान स्क्रू तिळाहून लहान असतो. तो खाली पडला की अप्पा हलत नाहीत. डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून मोठ्याने म्हणतात, "कोणी चालू नका." घरात तेव्हा कोणीही चालत नसतं. अप्पा आणि त्यांची मुलगी, एवढंच घर. आणि मुलगी ऑफिसला गेलेली असते.

*

अप्पांचा स्क्रू नेहमीचाच, बाकी सगळं एकाच दिवशी घडलं. मुलीचं ऑफिस म्हणजे नगरपालिकेची चार नंबरची खिडकी.

त्या खिडकीत गावचे सगळे अर्ज येतात. बाई ते घेते, वहीतले पाच रकाने भरते, शिक्का मारते आणि पोच देते. म्हणून तिला पोचबाई म्हणतात. लोकांना वाटतं, नगरपालिका म्हणजे हीच. नळाला पाणी नसलं की तिच्याकडे असं बघतात, जणू तिने ते घरी नेऊन भरून ठेवलंय. तीही समजुतीने घेते. "एका पानात आणा," ती सांगते. "दुसरं पान साहेब उलटत नाहीत. आणि 'आम्ही आमरण लढू' खोडा. तुम्हाला फक्त झाकण हवंय गटाराचं."

पाच वाजता खिडकी बंद. एकतीस वर्षांत पाचनंतर तिने एकही कागद घेतलेला नाही. गतिरोधकवाल्या आजोबांना एकदा पाच वाजून एक मिनिटाने परत पाठवलं होतं. ते मिनिट आजोबा अजून विसरलेले नाहीत.

पाच वाजले हे मात्र समोरच्या भिंतीवरचं घड्याळ सांगायचं, आणि ते सहा मिनिटं मागे होतं. बंद पडत नव्हतं, रेंगाळत नव्हतं. सहा मिनिटं मागे राहून इमानाने चालायचं. किल्ली देणं हे शिपायाचं काम होतं. काटे लावणं हे कोणाचंच नव्हतं. विद्युत विभाग म्हणे, ते विजेवर चालत नाही. बांधकाम विभाग म्हणे, ते भिंतीला टांगलंय, भिंतीत बांधलेलं नाही. पोचबाई दर वर्षी अर्ज करायची, स्वतःच तो घ्यायची, स्वतःच शिक्का मारून स्वतःला पोच द्यायची. रकान्यात विषय लिहायची: 'घड्याळ बरोबर करणेबाबत'.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता शिडी आली आणि नवं, सेलवरचं घड्याळ लागलं.

"मंजूर झाला हो तुमचा अर्ज," शिपाई म्हणाला. "आता हे जुनं भंगारात. तुम्हाला हवंय का? तुमचा भारी जीव त्याच्यावर."

"भंगाराची नोंद झाली का?"

"झाली."

"मग द्या."

तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली ठेवलं. मंजुरीच्या फायलीत तिचे सगळे अर्ज ओळीने लावलेले होते. सगळ्यात तळाचा तिच्या अक्षरात नव्हता. तो तिने जरा वेळ बघितला आणि फाईल बंद केली.

मग तिने नव्या घड्याळाकडे बघितलं आणि पाचला किती वेळ उरलाय ते मोजलं.

*

कारण असं. त्यांच्या इमारतीला लागून सात मजले उभे राहणार होते, अप्पांच्या खिडकीपासून तीन फुटांवर. अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. अजून घड्याळं दुरुस्त करतात, खिडकीशी टेबल लावून. दिव्याखाली काम करत नाहीत. "दिव्याची सावली पडते, उजेडाची पडत नाही," म्हणतात. आणि त्या टेबलावरून उठवलं, तर हा माणूस दुसरीकडे बसेल कुठे, हे मुलीला ठाऊक नव्हतं.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. मुदत आज पाचला संपत होती. पोचबाई नोकरीत असल्यामुळे सही करू शकत नव्हती. इमारतीतल्या लोकांनी करायची. त्यांनी एकोणतीस दिवस पहिली सही कोणाची यावर घालवले. पीटी मास्तर सेक्रेटरी होते. डॉक्टरांची पाटी रस्त्यावरून दिसायची. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी इमारतीला रंग लागायच्या आधीपासून राहत होत्या.

शेवटच्या बैठकीत पोचबाई वैतागून म्हणाली होती, "अहो, अगदी पाचला आलात तरी चालेल. आमचं घड्याळ सहा मिनिटं मागे असतं. पण या."

एकतीस वर्षांत तिने नियमाबाहेर एवढं एकच वाक्य उच्चारलं होतं.

*

ते आले चार वाजून पंचावन्न मिनिटांनी. तिघंही आले, कारण कागद कोणी आणायचा हेही ठरलं नव्हतं. मागे बाकावर गतिरोधकवाले आजोबा पावणेपाचपासूनच येऊन बसले होते. त्यांना पोच मिळाली होती, पण पाच वाजताना बघायची त्यांना आता सवय होती.

पोचबाईने कागद घेतला. एका पानात होता. मधोमध सूर्यासारखा गोल, आणि चहूबाजूंनी बावीस सह्या. अप्पांची सही मुंगीएवढी, पण सगळ्यांत स्वच्छ.

"पहिला अर्जदार कोण?" तिने विचारलं.

"पहिला असा कोणी नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले. "गोल आहे."

"रकाना आहे. त्यात एक नाव लागतं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकोणतीस दिवस पुन्हा सुरू झाले.

"आता सेक्रेटरीचं घालायची पद्धतच आहे," मास्तर म्हणाले.

"सेक्रेटरी म्हणे. शिट्टी वाजवून झाला होतात सेक्रेटरी," मावशी म्हणाल्या.

"माझं घाला," डॉक्टर म्हणाले. "वजन पडतं नावाला."

"पडेल नाहीतर काय. माझी दाढ काढलीत ती चांगली होती. दुखरी अजून आहे तोंडात."

"मावशी, हे इथं काढायचं नाही."

"तिथं काढलंत तेवढं पुरे झालं."

"लवकर सांगा," पोचबाई म्हणाली. "पाचला तीन कमी आहेत."

"आहेत अजून नऊ," मास्तर म्हणाले. "तूच म्हणालीस ना ताई, सहा मिनिटं."

"घड्याळ आज बदललं."

पण मावशींनी तेवढ्यात सगळ्यांना आठवण करून दिली, की इमारतीची पहिली वीट पडली तेव्हा मास्तर अजून रांगत होते. मास्तरांना ते मान्य नव्हतं. ते तेव्हा शाळेत जात होते, आणि दाखला घरी आहे.

पोचबाई पेन उघडून बसली होती. कोणाचं नाव घालायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण नाव अर्जदारांनी सांगायचं असतं. खिडकीच्या आतून सुचवायचं नसतं. ती पहिल्यांदाच मनातल्या मनात कोणावर तरी ओरडत होती. नवं घड्याळ पावलांचा आवाज न करता पुढे गेलं. पाच झाले. ते फक्त आजोबांनी बघितलं.

"अहो," शेवटी मावशी म्हणाल्या, "ज्याची खिडकी बुजणार, त्याचं घाला की. अप्पांचं."

"हे आधी का नाही सुचलं?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही बोलू द्याल तर सुचेल ना."

पोचबाईने तिसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं. चौथ्यात विषय. मग तिने मान वर केली. तिच्यामागोमाग तिघांनीही घड्याळाकडे बघितलं, आणि हे घड्याळ नवं आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

"ताई," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "चार अठ्ठावन्न लिही. आम्ही तेव्हा इथेच होतो. खोटं कुठे आहे?"

"पाचही रकाने भरतात ती वेळ लिहायची असते, मास्तर."

बाकावरून आजोबा उठले. मला एक मिनिट नाही, यांना चार, असं ते आता म्हणणार, असं तिला वाटलं. पण आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"लिहा बाई," ते भिंतीला म्हणाले. "मी काही बघितलं नाही. माझे डोळे तसेही अधू आहेत."

तिने पेन टेकवलं. थांबली. मग लिहिलं: पाच वाजून चार मिनिटं.

शिक्का मारला आणि पोच फाडून मावशींच्या हातात दिली. मास्तरांनी नुसती मान डोलावली. आयुष्यभर शर्यती लावलेला माणूस होता. खिडकी ओढून घेताना तिला दिसलं, आजोबा अजून भिंतीकडेच बघत होते.

*

"दिला का अर्ज?" अप्पांनी विचारलं. भिंग कपाळावर सरकवलेलं होतं. खिडकीत अजून ऊन होतं.

"दिला. पाच वाजून चार मिनिटांनी."

"बरोबर घड्याळाने?"

"बरोबर घड्याळाने."

"मग उशीर झाला," ते म्हणाले. घड्याळांच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"माझं चुकलं, अप्पा. मीच त्यांना सांगितलं होतं, सहा मिनिटं आहेत म्हणून."

"वेळ काय लिहिलीस?"

"होती ती."

"मग काय चुकलं?" त्यांचं लक्ष पुडक्याकडे गेलं. "त्यात काय आहे?"

तिने वर्तमानपत्र सोडलं. अप्पांनी भिंग डोळ्यावर ओढलं, काचेचं दार उघडलं, कान लावला. यंत्राला काही झालेलं नव्हतं. किल्ली दिली, मनगटावर बघितलं, आणि एका बोटाने मोठा काटा पुढे सरकवला. याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"एवढंच होतं," ते म्हणाले.

हरकतीवर पुढे शेरा आला: मुदतीनंतर प्राप्त. शेजारची भिंत पहिल्या मजल्यापर्यंत आली तेव्हा अप्पांनी टेबल हातभर डावीकडे घेतलं, दुसऱ्यापर्यंत आली तेव्हा आणखी हातभर. मावशी, मास्तर आणि डॉक्टर आळीपाळीने आपली चालू घड्याळं दुरुस्तीला आणून देत. अप्पा ती उघडत, पुसत, आणि 'आता बरी चालतील' म्हणून परत करत.

पोचबाईने नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतलेला पहिला अर्ज अप्पांचा होता. तिला सोडायला आलेल्या अप्पांनी भिंतीकडे बघून विचारलं होतं, "हे सहा मिनिटं मागे आहे, बोट लावून पुढे करू का?" आणि तिने खिडकीच्या आतून सांगितलं होतं, "अर्ज करा."