माझ्या माथ्यावरचं कुंकू

मित्रांनो, नाकाला रुमाल लावूनच माझ्याजवळ या. मी बेलापूरच्या खाडीवरच्या जुन्या जकात धक्क्याचा दगडी खुंटा आहे. माझ्या अंगाला वास येतो, पण तो माझा नाही.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि धक्क्याच्या कडेला रोवलं. मीठ, भात, कौलं भरलेले मचवे माझ्याशी बांधले जात. जकातीचा कारकून माल तपासून हात वर करी, तेव्हाच माझ्यावरचा दोर सुटे. दोर सोडण्याआधी शेजारच्या दिवाळे गावचे कोळी तेलात कालवलेलं कुंकू माझ्या माथ्याला लावत. गेलेली होडी परत येऊन मलाच बांधली जावी, एवढंच त्यांचं मागणं. कुंकवाचे थर चढत-चढत माझा माथा कायमचा लाल झाला.

पुढे पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला, जकातीचं ऑफिस बंद पडलं. मग धक्क्याची बाग झाली. फरशी आली, दिवे आले, माझ्याशेजारी पाटी आली: ‘ऐतिहासिक वारसा जपा.’ मला आनंद झाला. वाटलं, मुलं येतील, माझी गोष्ट ऐकतील.

माणसं आली. माझ्यावर बूट ठेवून फोटो काढले. पायाशी आईस्क्रीमचे कप टाकले. निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या माझ्या आडोशाला कुजू लागल्या. शी! मला नाकही दाबता येत नाही.

यंदा नारळी पौर्णिमेला सकाळीच हिरामण कोळ्याची होडी माझ्याशी बांधली होती. पावसाळी मासेमारी बंदीनंतरची त्याची पहिली खेप. त्याची आई, शेवंताबाई, ताट घेऊन येत होती. तेवढ्यात दिलीप नावाचे एक गृहस्थ बायकोबरोबर फिरत आले. तोंडात मावा. त्यांनी ती पाटी मान वर करून, गुळण्या केल्यासारखी मोठ्याने वाचली आणि माझ्या माथ्यावर पचकन थुंकले.

“अहो, काय हे!” त्यांच्या पत्नी सुमेधा ओरडल्या.

“अगं, लालच आहे तो. सगळे इथेच थुंकतात वाटतं.”

शेवंताबाई जागीच थांबली.

“दादा, ता आमचा कुंकू हाय.”

“सॉरी हां आजी. टेन्शन नका घेऊ, सफाईवाला येईल.”

“त्याची वाट बघत भरती थांबल काय रं? तुज्या देवघरान येऊन थुकू मी?”

दिलीप मोबाइल काढून भराभर पुढे गेले. सुमेधाताईंनी बाटलीतलं पाणी ओतलं. शेवंताबाई नारळाच्या सोडणाने घासू लागली. मावा तेलकट थरात मुरला होता. ओघळ पसरत गेले, आणि कुठलं लाल कुणाचं ते कळेना.

“आये, पानी उतरतंय! होरी चिखलान रुतल!” हिरामण ओरडला.

तिने बोट कुंकवात बुडवलं, माझ्यापर्यंत आणलं आणि मागे घेतलं.

“यावर नाय लावनार मी,” ती म्हणाली. ते कुंकू तिने होडीच्या नाकाला लावलं, नारळ खाडीला वाहिला आणि दोर सोडला. होडी गेली. इतक्या वर्षांत माझ्या कुंकवाशिवाय सुटलेला तो पहिला दोर.

संध्याकाळी होडी सुखरूप आली. हिरामणने दोर टाकला, तो बागेच्या नव्या लोखंडी कठड्यावर.

मित्रांनो, बागेत या, खेळा, मला टेकून बसा. पण जुन्या दगडावर लाल डाग दिसला, तर तिथे थुंकू नका, आणि मोठं कुणी थुंकत असेल तर त्यांचा हात धरा. मला पुन्हा कुंकू नाही लागलं तरी चालेल. मला फक्त दोर हवा आहे.