बोरीकाठच्या चिंचेचा बहर

मी चन्नबसप्पा मास्तर. नळदुर्गच्या शाळेत पोरांना मराठी शिकवतो आणि सोलापूरच्या एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवतो. बातमीदार म्हणून मिरवायची मला भारी हौस. सदऱ्याच्या खिशाला पेन लावल्याशिवाय बाजारातसुद्धा जात नसे.

बोरी नदीच्या काठी हाडं दळायचा कारखाना यायचा ठरला आणि काठावरच्या वस्तीला उठायला सांगितलं. जमीन मोजायला आलेल्या मुकादमाला वस्तीतल्या बब्रुवाननं काठीनं हाणलं. निजामाचे पोलीस मागं लागले, तसा तो सरहद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात, सोलापूरला पळाला. तिथं नाव बदलून राहिला. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, त्याच्या बायकोला, हरणाबाईलाही नाही.

पळण्याआधी आमची एक खूण मात्र ठरली होती. बब्रुवान दर आठवड्याला एका चहाच्या हॉटेलात आमचं साप्ताहिक वाचून घ्यायचा. पोलिसांचा पहारा ढिला पडला की हरणाबाई मला येऊन सांगायची आणि मी गावच्या बातम्यांत एक ओळ घालायचो, 'बोरीकाठच्या चिंचेला यंदा बहर चांगला.' की चार दिवसांत तो हजर. असं दोनदा झालं. त्या दिवसांत हरणाबाई नदीवर जाताना गुणगुणायची आणि मला माझ्या पेनाचा खरोखर अभिमान वाटायचा.

मग अंकात कारखान्याची पानभर जाहिरात येऊ लागली. संपादक शंकरप्पांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, जागा ओसाडच होती असं लिहा. जमत नसेल तर दुसरा बातमीदार बघतो."

मी लिहिलं. 'काठावरची वस्ती राजीखुशीनं उठून गेली. आता तिथं कुणीही राहत नाही.' खाली माझं नाव. बाकीचे खरंच उठले होते, रडत उठले होते. हरणाबाई तेवढी उठली नव्हती. तिच्या चुलीचा धूर मला शाळेतून दिसत होता आणि तरीही मी लिहिलं.

महिन्याभरानं महारुद्र गाडीवान सोलापूरहून परतला.

"हाटेलवाला म्हनला, त्यानं ती बातमी दोनदा वाचून घेतली. चहा तसाच ठिवून उठला. कुठं गेला, कुनाला म्हाईत न्हाय."

शंकरप्पांना मी ती खुणेची ओळ घालून चार पत्रं धाडली. चिंचेची ओळ काही छापून आली नाही. हरणाबाईला खरं सांगायचा धीर मला झाला नाही, अजूनही होत नाही.

ती अजून त्याच्या घोंगडीला ऊन दाखवते. दर गुरुवारी अंक आला की शाळेच्या ओट्यावर येऊन बसते.

"आली का माझी वळ, मास्तर?"

तिला अक्षर येत नाही. मी अंक उघडतो, कारखान्याच्या जाहिरातीवर बोट ठेवतो आणि वाचतो, 'बोरीकाठच्या चिंचेला यंदा बहर चांगला.'

"जरा मोठ्यानं वाचा की," ती म्हणते. "लई लांब हाय त्यो."

मी पुन्हा वाचतो, मोठ्यानं.