बॉनेटच्या आतला रंग

“आधी अंगठी काढ. घड्याळ काढ. आणि मग लांब उभी राहा,” माझे सासरे म्हणाले.

“लांबच उभं राहायचंय तर काढू कशाला?”

“तुझा काय भरवसा! मध्येच हात घालशील.”

गल्लीत त्यांना सगळे फ्यूजकाका म्हणतात. एक तर उभा जन्म कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून गेला, आणि दुसरं म्हणजे केव्हा उडतील याचा नेम नाही. मी बाबा म्हणते. मी नर्स आहे, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुते, नळ्या बदलते. भलेभले पेशंट माझ्यापुढे चकार शब्द काढत नाहीत. पण बाबांच्या हातात पाना आला की माझी शाळकरी पोर होते. मी मुकाट्याने अंगठी काढून पदराच्या टोकाला बांधली.

बाबांनी बॉनेट उचललं आणि दांडी लावली.

किती वेळा बघितलंय मी ते, तरी दर वेळी श्वास अडकतो. आमची गाडी बाहेरून बघवत नाही. उन्हाने टपावरचा रंग उडालाय, दरवाजे दोन वेगळ्या छटांचे दिसतात. आणि बॉनेट उघडलं की आत सगळं मोरपंखी! बॅटरीखालचा पत्रा, कडेच्या भिंती, इंजिनाला धरून ठेवणारे ब्रॅकेट, जिथे बोटही जाणार नाही अशा सांदीकोपऱ्यातसुद्धा तोच रंग, तसाच तुकतुकीत. कुठे ओघळ नाही की ब्रशचा केस चिकटलेला नाही. माझा नवरा गाड्या रंगवायचा. लोकांच्या गाड्या रंगवून हात दुखले की घरी येऊन आमची करायचा. आतून सुरुवात केली, कारण बाहेरचं काय, कुणीही करतं म्हणे. आतलं झालं, आणि बाहेरचं सुरू करण्याआधीच हृदयाने दगा दिला. जाताना हाताला मोरपंखी डाग तसेच होते. मी नर्स, रोज लोकांची अंगं पुसते, पण ते डाग मी पुसू दिले नाहीत कुणाला.

“झालं बघून? आता ती थैली आण,” बाबा म्हणाले.

थैलीत त्यांनी केलेलं किट होतं. ते कसं झालं, ते सांगायला हवं.

महिनाभर गाडीने जीव नकोसा केला होता. चावी फिरवली की नुसतं ‘टक’. पुढचे दिवे मलूल, वायपर अर्ध्यात थांबायचे. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला, मग हात वर केले. त्यातच मी एका पेशंटच्या दारात अडकले आणि पुढची म्हातारी दिवसभर तशीच भरलेल्या पट्टीवर पडून राहिली. मेट्रनबाईंनी स्पष्टच सांगितलं, भरवशाची गाडी नसेल तर वॉर्डात या. वॉर्ड म्हणजे रात्रपाळ्या. आणि रात्री बाबा घरात एकटे, छातीत दुखलं तरी शेजाऱ्याचं दार न वाजवणारे. दुसरी गाडी घेण्याआधी ही अंगणातून हलायला हवी होती. मी भंगारवाल्याला सांगून टाकलं, रविवारी संध्याकाळी या.

बाबांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता उडणार. पण ते उडाले नाहीत. माळ्यावर चढले आणि वेल्डिंगच्या केबलचं जुनं वेटोळं काढून आणलं.

“हिला अर्थिंगच्या वायरी पुरत नाहीत,” ते म्हणाले. “वीज बॅटरीतून निघते, काम करते, आणि तिला परत बॅटरीत यायचं असतं. परतीची वाट धड नसेल तर ती निघतच नाही. मी किट बनवतो. मग बघ.”

आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. बाबा केबलचे तुकडे कापायचे, टोकं सोलायचे, आतल्या तांब्याच्या केसांसारख्या तारा पिळून त्यावर थिंबल चढवायचे, म्हणजे बोल्ट जाईल असं भोक असलेलं तांब्याचं टोपण. मग ते दाबायचं, कथलाचा डाग द्यायचा, वर काळी नळी चढवून मेणबत्तीवर आवळायची. एकेक वायर झाली की एक टोक माझ्या हातात द्यायचे आणि दुसरं धरून ओढायचे. “ओढ! जेवत नाहीस का?” मी पाय रोवून ओढायची. एकही सुटली नाही. कारखान्यातली माणसं अजून रस्त्यात त्यांना वाकून का भेटतात, ते मला त्या टेबलाशी बसून समजलं. मी त्या बोटांकडे बघतच राहायची.

तर रविवारी सकाळी ते किट बसवायला आम्ही अंगणात उभे. बाबांनी आधी बॅटरीची वजा बाजू सोडली. मग एकेक वायर लावली. एक इंजिनाच्या ब्रॅकेटला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, एक उजव्या भिंतीला, एक डाव्या. सगळ्यांची दुसरी टोकं बॅटरीपाशी एकत्र. मोरपंखी पत्र्यावरून त्या काळ्या वायरी अशा वळणावळणाने नेल्या होत्या, की मी म्हटलं, “बाबा, दृष्ट काढायला हवी.”

“बस आत. फिरव चावी.”

मी बसले, मनातल्या मनात हात जोडले आणि चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. दिवे लावले, तसेच मलूल.

“स्टार्टर बोगस दिलाय त्या गॅरेजवाल्याने!” बाबा कडाडले. “नवा म्हणून जुना घातला असेल! चोर कुठला! बॅटरीही तसलीच असेल!”

मी खाली उतरले आणि पुन्हा आत बघितलं. आणि या वेळी रंग बघितला नाही, बोल्ट बघितले. प्रत्येक थिंबल रंगावर बसलेलं होतं. तुकतुकीत, जाड, अखंड रंगावर.

आता मी काही इलेक्ट्रिशियन नाही. पण या माणसाच्या घरात मी इतकी वर्षं काढली आहेत. शेजारच्यांच्या पंपाची तार कुणीतरी रंगवलेल्या पाइपला बांधली होती, तर बाबांनी अख्ख्या गल्लीसमोर त्या वायरमनची बिनपाण्याने केली होती. “धातूला धातू भिडला पाहिजे! रंगातून वीज जाते काय रे? कुणी शिकवलं तुला?” हे वाक्य आमच्या घरात भिंतींनाही पाठ आहे.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही रंग खरवडला नाहीत.”

“तू मला शिकवणार?”

“शिकवत नाही. विचारते.”

“पेशंटच्या नळ्या बघ तू! इथे नको नाक खुपसू!”

उडाले एकदाचे. मला बरंच वाटलं. पण ते नेहमीसारखे पाय आपटत आत गेले नाहीत. पाना ठेवला आणि अंगणातल्या पायरीवर बसले. बराच वेळ हाताला नसलेलं तेल फडक्याने पुसत राहिले.

“माहीत आहे मला,” शेवटी ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ना बॅटरी खराब, ना स्टार्टर. त्याने रंग मारताना अर्थिंगची पट्टी काढली, खालची जागासुद्धा रंगवली, आणि रंगावर पट्टी परत बसवली. रंगारीच तो. मोकळा पत्रा दिसला की त्याचा हात शिवशिवणारच. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वीज जात होती, तोवर गाडी चालली. आता आटे गंजले असतील.”

“मग हे किट?”

“वाटलं, जास्त वायरी टाकल्या तर कुठूनतरी वाट मिळेल.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “न खरवडता.”

मला तो दिवस आठवला. आतला रंग वाळल्यावर नवऱ्याने बाबांना हात धरून बाहेर आणलं होतं. “बघा तरी!” बाबांनी वाकून बघितलं, पार आतपर्यंत. आणि म्हणाले, “बॉनेटच्या आत कोण बघतंय?” आणि गेले निघून. नवरा हसला होता, पण मी मनात धरून ठेवलं होतं. मुलाच्या कामाला एक शब्द चांगला निघत नाही या माणसाच्या तोंडून! आणि आता तो विषय निघालाच होता, तर मी बोलून टाकलं.

“त्या दिवशी त्याला एवढंसं बरं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, बाबा?”

“मला त्या दिवशीच दिसलं होतं गं,” बाबा म्हणाले. “वाकलो आणि आधी तेच दिसलं. रंगावर पट्टी. माझा डोळा मेला तसलाच, चूक आधी दिसते. आणि वर बघितलं तर त्याचं तोंड. तू बघितलं होतंस ना त्याचं तोंड? सांगितलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे खरवडायला घेतलं असतं. मग मी गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा चूक दिसून गप्प बसलो. अजून क्षणभर थांबलो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं. म्हणून काहीतरी बोललो आणि आत पळालो.”

मला हुंदकाच आला. मी तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले, तर त्यात बांधलेली अंगठी डोळ्यावर आपटली. “आई गं!” म्हटलं, तर बाबा चिडून म्हणाले, “अंगठी कुठे बांधायची ते तरी कळायला हवं!” आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो.

“नको खरवडायला,” मी म्हटलं. “आहे तशी जाऊ दे गाडी. दुसरी मिळेपर्यंत मी जाईन वॉर्डात.”

“आणि भंगारवाला काय करेल? कापेल. रंगासकट कापेल.” ते गुडघ्यावर हात देऊन उठले. “आण ती खरवडायची पाती.”

मीच घेतली पाती आधी. म्हटलं, बापाला हे करायला लावू नये. त्या मोरपंखी रंगावर टेकवली, आणि हात पुढे जाईना. जिवंत माणसाला सुया टोचणारी मी! बाबांनी माझ्या हातातून पाती घेतली. थिंबल ठेवून भोवती पेन्सिलने गोल आखला. त्या गोलाबाहेर एक ओरखडा जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मला दिसत होतं.

पाती फिरू लागली. मोरपंखी चूर निघाला. त्याखाली करडा थर, प्रायमरचा. त्याखाली पुन्हा एक पातळ थर. बाबा थांबले. वाकले. चष्मा वर करून अजून वाकले.

“इकडे ये,” ते म्हणाले. “बघ. बघ इकडे!”

मी वाकले. गोलाच्या तळाशी पत्रा चकाकत होता. इतकी जुनी गाडी, बाहेरून जागोजाग पापुद्रे सुटलेली, आणि तिथे कालच कारखान्यातून आल्यासारखा पांढरा शुभ्र पत्रा.

“एवढासा गंज नाही गं,” बाबा म्हणाले. “एवढासा नाही! आधी घासून घासून गंज काढलाय त्याने. मग हा थर, मग हा. कडा बघ, सगळीकडे सारखी जाडी. अगं, इथे हात कसा घातला असेल? मी चाळीस वर्षं यंत्रं उघडली, पण आतून असं काम कुणाचं बघितलं नाही. काय काम केलंय पोराने! काय काम केलंय!”

अंगणात आम्ही दोघंच होतो. ज्याने ऐकायला हवं होतं तो नव्हता. तरी बाबा प्रत्येक गोल उघडला की मला बोलवत होते आणि तेच म्हणत होते, आणि मी प्रत्येक वेळी वाकून बघत होते. जुन्या पट्टीखालचे आटे मात्र खरोखरच तांबडे झाले होते. ते त्यांनी साफ केले. मग थिंबलं पुन्हा बसवली, धातूला धातू, आणि शेवटी बॅटरीची वजा बाजू जोडली.

“फिरव.”

टक झालंच नाही. चावी पुरती फिरायच्या आत इंजिन लागलं. मी दिवे लावले. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर दोन पांढरे झोत उमटले. असे दिवे या गाडीला आहेत हे मी विसरूनच गेले होते. बाबा त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही झोत त्यांच्या छातीवर पडले, आणि ते डोळे मिचकावत तसेच उभे राहिले. मीही दिवे बंद केले नाहीत.

तेवढ्यात भंगारवाला आला. सांगितलं होतं संध्याकाळी, हा दुपारीच हजर.

“चालू झाली वाटतं,” तो हिरमुसून म्हणाला. मग उघड्या बॉनेटपाशी आला आणि थबकला. इंजिन बंद करा म्हणाला, आणि चक्क आत डोकं घातलं. “आयला! आतून कुणी रंगवली हो ही?”

मी तोंड उघडणार होते. पण बाबा आधी बोलले.

“माझ्या मुलाने,” ते म्हणाले. “नीट बघा. खालपर्यंत बघा.”

भंगारवाल्याने खालपर्यंत बघितलं. अशा रोज गाड्या कापतो, पण असलं कधी बघितलं नाही म्हणाला, आणि रिकाम्या हाताने गेला.

मग बाबांनी माळ्यावरून उरलेल्या मोरपंखी रंगाचा छोटा डबा काढायला लावला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे झाकण घट्ट लावून उलटा ठेवला होता, म्हणून झाकणापाशी थोडा रंग ओला राहिला होता. खिळ्याने झाकण उचकटलं तेव्हा नवऱ्याच्या कपड्यांना यायचा तोच वास आला. बाबांनी बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला, आणि प्रत्येक थिंबलच्या भोवती, जिथे गोलाची चकाकती कड उघडी राहिली होती तिथे, मोरपंखी रेघ फिरवली. अगदी काटेकोर नाही आली. ते रंगारी नव्हते.

मला ड्यूटीवर निघायचं होतं. त्या म्हातारीची पट्टी बदलायची होती. मी बॉनेटला हात घातला.

“थांब!” बाबा ओरडले. “ओला आहे अजून. झाकलंस तर धूळ बसेल.”

“उशीर होतोय, बाबा.”

“होऊ दे. त्याने अशी नसती जाऊ दिली गाडी.”

धूळ बसेल हे माझ्या नवऱ्याचंच बोलणं होतं, आणि तो असं बोलला की ‘नखरे रंगाऱ्याचे’ म्हणणारे बाबा आता वर्तमानपत्राची घडी घेऊन बॉनेटपाशी उभे होते. उन्हात डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. एक माशी घोंघावत आली की ते वर्तमानपत्र हलवायचे, पण जपून, वाऱ्याने धूळ उडू नये इतपतच. मी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि रंग वाळायची वाट बघत राहिले.