दुपारीच काढलेली कुपी

विद्यापीठाच्या तळघरातल्या काचशाळेत नियम एकच होता. फुंकून घडवलेली वस्तू रात्रभर भट्टीत हळूहळू निवू द्यायची. तोवर कुणी कितीही मोठा प्राध्यापक आला तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं. गरम काच घाईने बाहेर काढली की बारीक चीर जाते. इथल्या कारागिराला सगळे फुंकरमामा म्हणत, आणि मामांनी हा नियम बावीस वर्षांत एकदाच मोडला होता. लेकीसाठी.

लेक त्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. अंधारात शेवाळ किती प्राणवायू खातं, हे ती बंद कुपीत मोजायची. तिचं शेवाळ इतरांच्या निम्म्यानेच खात होतं. "आपल्याच घरातलं दिसतंय," मामा म्हणाले होते. या काटकसरी शेवाळाच्या जोरावर सरांनी तिला देशपातळीवरच्या विज्ञान शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लावला. मिळाली तर तीन वर्षं मोठ्या प्रयोगशाळेत काम. मुदत शुक्रवारपर्यंत.

सोमवारी लेकीची कुपी धुण्यासाठी खाली काचशाळेत आली. परत आलेली वस्तू मामा सवयीने हवा भरून पाण्यात बुडवत. जोडापाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला. मामांनी पाणी बदललं, जणू दोष पाण्याचाच. बुडबुडा पुन्हा आला.

म्हणजे बाहेरची हवा आत झिरपत होती. शेवाळ पोटभर खात होतं आणि मापात अर्धपोटी दिसत होतं.

मामांनी कुपी केराच्या डब्यावर धरली. फोडली की संपलं, कुणाला कळणार होतं? तेवढ्यात लेक जेवायला खाली आली.

"चेहरा का असा?"

"जेव आधी."

"बाबा."

त्यांनी कुपी पाण्यात धरली. बुडबुडा निवांत वर आला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तू दारात उभी होतीस, 'झालं का, झालं का' करत. मी दुपारीच काढली भट्टीतून." मग खाकरून म्हणाले, "सरांना मी सांगतो. चूक माझी."

"तुम्ही कशाला? अर्जावर सही माझी आहे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "दुसऱ्या कुणाची असती तर मी आधी तपासली असती. तुमची म्हणून नाही तपासली."

मामांनी तिच्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून दिलं.

मंगळवारी नवी कुपी फुंकली. ती भट्टीत रात्रभर राहिली आणि लेक काचशाळेकडे फिरकलीसुद्धा नाही. गुरुवारी आकडे आले. शेवाळ चारचौघांसारखंच खात होतं. तिने अर्जात जुना आकडा लिहिला, नवा लिहिला आणि चूक कशी सापडली तेही लिहिलं.

"मग आता अर्जात उरलं काय?" सरांनी विचारलं.

"जे झालं ते," ती म्हणाली. सरांनी चष्मा पुसला आणि सही केली.

महिन्याने मुलाखत झाली. ती परतली तेव्हा मामा हातातलं काम सोडून उठले. असं ते सहसा करत नसत.

"काय विचारलं?"

"गळती कुणी पकडली, ते."

"मग?"

"म्हटलं, ज्यांनी केली त्यांनीच."

"अगं, असं सांगतात का लोकांना?"

"एक बाई हसल्या. मग अर्धा तास दुसरं काही विचारलंच नाही. तुमच्याकडे परत आलेली प्रत्येक वस्तू तपासतात का, म्हणाल्या."

निवड झालेल्यांच्या यादीत बारा नावं होती. तिचं अकरावं. मामांनी पत्र दोनदा वाचलं, हात पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि विचारलं, "तिथला काचकाम करणारा कसा आहे?"

"मला काय ठाऊक? मी अजून गेलेय कुठे? तुम्हीच एक कुपी करून द्या बरोबर न्यायला."

"दोन करतो," मामा म्हणाले आणि त्यांनी ज्योत पेटवली. "परवा ये."