झांज कुठे गेली

दुसरी बाजू

तबकडीची आधी दुसरी बाजू लावायची. पहिली बाजू कंपनी विकायला काढते, दुसरी बाजू वाजवणारे स्वतःसाठी वाजवतात. आमच्या डेट्रॉइटमध्ये हे शेंबडं पोरही सांगेल.

लावली. ऑर्गन आला. बास आला. गाणारी आली, नेहमीसारखी जरा नाकात. झांज नाही.

उचलली. सुई पुसली. लावली. झांज नाही.

या गाण्यात ड्रमवर आणि ड्रमच्या झांजेवर माझा भाऊ रेफर्ड आहे. त्याने आयुष्यात ही एवढी एकच तबकडी केली. मग गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि तिथेच एका पाळीला छातीत कळ येऊन गेला. फोटो आहेत, पण प्रत्येक फोटोत तो हललेला. त्याचा बोलण्याचा आवाज कुणी टेप करून ठेवला नाही. म्हणजे रेफर्ड म्हणून माझ्याकडे उरलंय ते हेच. त्स, त्स-त्स. त्स, त्स-त्स.

आणि तेच नाही.

सुई बदलली. वायर बदलली. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मग परत मागे. भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून तबकडी धुतली, फडक्याने टिपली, उभी करून वाळवली. तोवर मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स पातेल्याला लागले. ते चमच्याने खरवडत, उभ्यानेच ऐकलं.

नाही.

हल्ली सगळंच जरा गोधडीतून आल्यासारखं वाजतं. म्हणूनच तर सुई बदलली होती, त्याआधीचीही.

तबकडी घासली की आधी बारीक आवाज मरतात. ढोबळ राहतात, बारीक जातात. हे आम्हा तबकड्या जमवणाऱ्यांना पाठ असतं. म्हणजे मीच घासली. रोज ऐकून ऐकून मीच भावाला संपवला.

लावली. उचलली.

दुसरी प्रत आमच्यातल्याच क्लिओथाकडे होती.

दोन गाण्यांमधली गुळगुळीत जागा

"नाही," क्लिओथा फोनवर म्हणाली. तिने जन्मभर शहराची बस चालवली. तिचं नाही म्हणजे दार मिटलं, बस सुटली.

"अदलाबदल करू."

"माझ्याकडे नाही असं काय आहे रे तुझ्याकडे?"

"निळ्या कव्हरची."

निळ्या कव्हरची म्हणजे माझी ट्रम्पेटची मोठी तबकडी. ती मी घराबाहेर काढत नाही, आणि घरातही तिला कुणाला हात लावू देत नाही.

"अलोंझो, तुला बरं नाहीये का?"

"हो की नाही ते बोल."

"निघालेच. तुझं डोकं ठिकाणावर यायच्या आत."

आली, दिली, घेतली, गेली. मी तिची लावली. काळीभोर, चकचकीत, एक ओरखडा नाही. ऑर्गन. बास. गाणारी.

झांज नाही.

उचलली. लावली. उचलली. लावली.

बाईने मला फसवलं.

पहिली बाजू

शनिवारी दुपारी ड्युप्रीच्या तळघरात तो, क्लिओथा आणि मी असे आम्ही तिघं तबकड्या ऐकायला जमतो. ड्युप्री वर कॅटफिश तळतो, खाली आणतो, आणि मग त्या तेलकट हातांनी त्याला कुणी तबकडीला शिवू देत नाही.

मी दोन्ही प्रती घेऊन गेलो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ही मेलेली तबकडी माझ्या गळ्यात मारलीस तू."

"तोंड सांभाळ," क्लिओथा म्हणाली. "माझ्या घरात तबकड्या झोपतात. मरत नाहीत."

"निळी परत दे."

"देईन. आधी तुझे कान धुऊन ये."

"भांडायचं तर वर जाऊन भांडा, मासा तिकडे आहे," ड्युप्री म्हणाला. "इथे नियम आहे. मेली म्हणायचं तर पाठ फिरवून म्हणायचं."

नियम जुना आहे. लेबल पाहून माणूस वाटेल ते ऐकतो, म्हणून ज्याची तक्रार त्याने कपडे धुण्याच्या मशीनकडे तोंड करून बसायचं. मी बसलो. माझ्याशेजारी क्लिओथाही बसली, तिची अब्रू पणाला लागली होती. ड्युप्रीला दोनदा हात धुवायला लावले.

एक वाजली.

"मेली."

दुसरी वाजली. तेच गाणं.

"ही पण."

तिसरी. दुसरंच काहीतरी, सॅक्सोफोन.

"हीसुद्धा मेली. कुठून आणता रे असला माल?"

मशीनच्या गोल काचेत क्लिओथाचं तोंड दिसत होतं. ते हसत नव्हतं.

"तिसरीचं पाकीट मी आत्ता फोडलं," ड्युप्री म्हणाला. "तिच्यावर आजवर सुई पडली नव्हती."

"मग तुझी सुई गेली."

"अलोंझो."

मी उठलो. बसलो. उठून स्पीकरच्या मागची वायर हलवून पाहिली.

"मागच्या शनिवारी किटली शिट्टी मारून मारून थकली," ड्युप्री हळू म्हणाला. "तू तिच्या बाजूलाच बसला होतास."

"विचारात होतो."

"किटली ऐकायला विचार कशाला लागतो, लेका?"

मी परत मशीनसमोर बसलो. काचेकडे बघत विचारलं, "क्लिओथा, तुला झांज ऐकू येते?"

"येते."

"माझ्या जुन्या प्रतीतही?"

"तुझीत खरखर आहे थोडी. पण झांज आहे. जेवताना कुणी काट्याने ताट वाजवत बसावं, तशी."

रेफर्ड जेवताना ताट वाजवायचा. आई त्याच्या हातातून काटा काढून घ्यायची. हे मी क्लिओथाला कधी सांगितलेलं नाही.

मी मशीनच्या आणखी जवळ सरकलो.

"लाव," मी म्हणालो.

"कुठली?"

"माझी. घासलेली." मग म्हणालो, "न घासलेली."

क्लिओथाने विचारलं नाही. माझा हात ओढला, मशीनच्या झाकणावर ठेवला आणि मनगटाच्या हाडावर नख मारायला लागली. टक, टक-टक. टक, टक-टक. नख बोथट, बसच्या स्टिअरिंगने झिजलेलं.

ऑर्गन आला. बास आला. नख त्यांच्या बरोबरीने चाललं होतं. दुसऱ्या कडव्याला मात्र ते पुढे पळालं.

"घाई करतेयस," मी म्हणालो.

"मी नाही. तो करतोय."

"नीट ऐक."

"मी ऐकतेय, अलोंझो."

पळायचाच तो. दुसरं कडवं आलं की धीर धरवायचा नाही त्याला. घरी सराव करताना मी यावरून शिव्या घालायचो.

"शेवटी पोचतात का सगळे एकदम?" मी विचारलं.

"गप्प बस, मोजणं चुकतं माझं."

पोचले. नख थांबलं. मी हात काढला नाही.

"निळी हवी का परत?" क्लिओथाने विचारलं.

"राहू दे. ती मला पाठ आहे."

"पलटू का?" ड्युप्री तबकडीवर वाकला. "पहिली बाजू?"

"नको. हीच लाव." मी मनगट जरा पुढे सरकवलं. "आणि तू जोरात मार. तो मेला असल्यासारखं नको मारूस."