पदराची गाठ कापलेला व्हिडिओ

माह्या पदराले गाठ असली, म्हणजे मी सांगून राह्यलो ते सारं खोटं. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोट्ट्याले बी माहीत हाय. गाठ मारली का लोक जवळ सरकून बसतात, कारण आता वाघ माह्या हातचा चहा पिऊन जाणार असते. गाठ सोडली का मंग धानाचा भाव विचारा, पोरीसाठी पोरगा विचारा. तवा मी खोटं बोलत नाई.

यंदा धान पोटरीत आला अन् माही नात दिव्यानी, तिनं धानाच्या वावरात, आमच्या बांधीत, एक भोंगा लावला. उन्हावर चालते, रानडुकरं पळवते म्हणे. मोबाईलवर तिचं चॅनल हाय, शेतीच्या वस्तू वापरून पाह्यल्या म्हणून दाखवते.

"आजी, तू बी बोल ना दोन शब्द."

मी मारली गाठ. "अवं, भोंगा वाजला अन् डुकरीण पिलायले घेऊन पळाली! एटापल्लीच्या बसमधी बसली, कंडक्टरले म्हणे, परतीचं तिकीट नको!"

पोट्टी हासून हासून लोळली.

पंधरा दिवसानं बुधरी आली. तिची बांधी आमच्या पल्याड, जंगलाले लागून. हातात तुडवलेला धान.

"बाई, तुमी सांगतलं म्हून भोंगा घेतला. रातच्या जागलीले जाणं सोडलं. डुकरायनं अर्धी बांधी लोळवली."

"अवं, माह्या पदराले गाठ होती ना!"

"कुठी होती?"

तिनं मोबाईल दाखवला. माहं तोंड, गळ्यापर्यंतच. "डुकरीण पिलायले घेऊन पळाली," इथीच कापलं. बस नाई, कंडक्टर नाई. खाली लिवलं: शेतकरी आजीचा खरा अनुभव.

माहं डोस्कंच फिरलं. "दिव्यानी! भोंगा इकत आणला का तू?"

"कंपनीनं पाठवला. बोलाचे पैसे बी देल्ले."

"हे सांगतलं का व्हिडिओत?"

"सांगतलं त कोण पाह्यते? सारेच असं करतात. अन् तू त रोजच गप्पा हाणतं, तुले काऊन राग आला?"

"मी गाठ मारून हाणतो, पोरी! ज्याले हासाचं तो हासते, कोणाचा धान जात नाई. तू माही गाठ कापली, अन् कापाचे पैसे घेतले! अन् आपली बांधी कोणं राखली? तुह्या बापानं, रोज मचानीवर डबा वाजवून. तो दिसला का तुह्या मोबाईलले?"



पोट्टीले हाताले धरून बुधरीच्या लोळवलेल्या बांधीत नेलं. "धर मोबाईल. पायापासून घे, पदर दिसू दे."

"आजी, कंपनी मले परत काम नाई देणार."

"धर म्हणतो ना!"

मंग सारं सांगतलं. भोंगा फुकट आला, नातीनं पैसे घेतले, डुकरं डब्यानं पळाली. पदर झटकून दोन्ही अंगानं दाखवला. दिव्यानीनं रडत रडत टाकला तो व्हिडिओ. बुधरीच्या उरलेल्या बांधीच्या जागलीले आता दिव्यानी अन् तिचा बाप जातात, डबा घेऊन.

काल बुधरी धानाचा भाव विचाराले आली. मी खरा भाव सांगतला. तिनं आधी माहा पदर हातात घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला, अन् मंग होकारानं मान हालवली.